डेस्कटॉप रात्रंदिवस चालू ठेवावा की रोज बंद करावा?

आगोटी

नमस्कार मंडळी. ठिकाण चिपळूणजवळचं गाव. मशीन २०१९ मध्ये असेंबल केलेलं: आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी (विंडोज ११ तिच्यावर), २ टीबीची साधी हार्डडिस्क, छोटं ग्राफिक्स कार्ड, ४५० वॉटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), २४ इंची मॉनिटर. सोबत ६०० व्हीएचा यूपीएस, बॅटरी गेल्या वर्षी बदललेली.

वापर दिवसाला साधारण सहा तास, पण तुकड्या-तुकड्यांत: सकाळी दोन, दुपारी एक, रात्री तीन. सध्या मशीन चोवीस तास चालूच असतं, कारण "सारखं बंद-चालू केलं की हार्डडिस्क जाते" असं असेंबल करणाऱ्याने बजावलंय. मॉनिटर तेवढा आपोआप झोपतो. आता बिल खुपायला लागलंय आणि पुढ्यात पावसाळा आहे.

विचारायचंय ते हे. चालू ठेवण्याने बिलात नेमका किती फरक पडतो? रोज तीनदा बंद-चालू केलं तर मशीनचं खरंच नुकसान होतं का? स्लीपवर टाकलं तर चालेल का? एक-दोनदा करून पाहिलं, तर रात्री आपोआप जागं झालेलं आढळलं. आणि लाइट वरचेवर जाते, तेव्हा स्लीपमधल्या मशीनचं काय होतं?

ओहम_शांती

बिलापासून सुरुवात करू, कारण ते मोजता येतं.

एसएमपीएसवर ४५० वॉट लिहिलंय म्हणून मशीन ४५० वॉट खातं, असं नाही. तो त्याचा वरचा आवाका. तुमच्यासारखं मशीन काही काम नसताना, मॉनिटर झोपलेला असताना, ४५ ते ६० वॉट घेतं. ५० धरा. वापर सहा तासांचा, म्हणजे उरलेले अठरा तास ते नुसतं बसून खातंय: ५० गुणिले १८, म्हणजे दिवसाला ०.९ युनिट, महिन्याला २७ युनिट. स्लीपमध्ये तेच मशीन २ ते ४ वॉट घेतं. ३ धरले तर महिन्याला १.६ युनिट. पूर्ण बंद पण भिंतीवरच्या बोर्डाचं बटण चालू, तर १ ते २ वॉट, म्हणजे महिन्याला पाऊण-एक युनिट.

या तीन आकड्यांकडे नीट बघा. २७ वरून दीडवर येणं ही खरी बचत. दीडवरून पाऊणवर येण्यासाठी जिवाचा आटापिटा करण्यात अर्थ नाही. निदान बिलासाठी तरी नाही.

२७ युनिटांचे रुपये किती, हे तुमच्या स्लॅबवर आहे. महावितरणचे घरगुती टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत, आणि वरच्या टप्प्यात शिरलेल्या युनिटांनाच वरचा दर लागतो. घरचा वापर कॉम्प्युटर सोडून ९० युनिट असेल, तर या २७ पैकी पहिले १० स्वस्तात जातील आणि १७ दुसऱ्या टप्प्याच्या दराने. म्हणून सरासरी दराने गुणू नका. शेवटच्या युनिटाला जो दर लागतो तो बिलावर बघा, त्यात वहन आकार मिळवा आणि त्याने गुणा.

अंदाजावर विसंबायचं नसेल तर घरच्या मीटरवरच मोजता येतं. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटाला किती पल्स ते छापलेलं असतं. बहुतेक मीटरवर ३२०० असतं. फ्रिज, इन्व्हर्टर, राउटर, मोबाइलचे चार्जर, सगळं बंद करा. फक्त कॉम्प्युटर रिकामा चालू ठेवा. दिव्याच्या दोन लुकलुकींमध्ये किती सेकंद जातात ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा. एकदाच नको, पाच-सहा वेळा मोजून सरासरी घ्या. ३२००च्या मीटरला ११२५ भागिले ते सेकंद म्हणजे वॉट. १८.७५ सेकंद आले तर ६० वॉट. पल्सचा आकडा वेगळा असेल तर ३६,००,००० ला त्या आकड्याने भागा, म्हणजे ११२५ च्या जागी काय घालायचं ते मिळेल.

"सुरू होताना एवढी वीज खातं की त्यापेक्षा चालू ठेवलेलं परवडतं" ही समजूत ट्यूबलाइटपासून चालत आलीय. बूट होताना मिनिटभर १२० वॉट धरले तरी ते २ वॉट-तास होतात. तुमचं मशीन रिकामं बसून तेवढे अडीच मिनिटांत खातं.

जुना_पेंटियम

बिलाचं मान्य. पण असेंबल करणाऱ्याला एकदम मोडीत काढू नका, त्याच्या सल्ल्याला मूळ आहे.

जुन्या हार्डडिस्कमध्ये बंद झाल्यावर हेड (वाचणारं-लिहिणारं टोक) तबकडीवरच टेकायचं. गुळगुळीत तबकडी आणि गुळगुळीत हेड कधी कधी एकमेकांना असे चिकटायचे की मोटरला सुटायचं बळ पुरायचं नाही. दिवसेंदिवस चालू असलेली डिस्क एकदा बंद केली की पुन्हा फिरायचीच नाही. शिवाय तापणं आणि थंड होणं. प्रत्येक बंद-चालूला मशीनमधला सर्किट बोर्ड, चिप, सोल्डर (जोडाचा डाख) हे कमी-जास्त प्रसरण पावतात. जोड वर्षानुवर्षं वाकत राहिला की त्याला बारीक तडा जातो. १ जुलै २००६ पासून युरोपात शिसं नसलेलं सोल्डर सक्तीचं झालं, त्यापाठोपाठ जगभर तेच आलं. ते जास्त कडक असतं. गूगलने २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कवरचा शोधनिबंध काढला होता, त्यातही तीन वर्षांपेक्षा जुन्या डिस्कपैकी ज्यांचं बंद-चालू जास्त, त्यांच्यात बिघाडाचं प्रमाण जास्त दिसलं.

आणि त्या काळी चालू ठेवण्याला कामही असायचं. सेटी ॲट होम १९९९ मध्ये सुरू झालं, तेव्हा कित्येकांचे पेंटियम रात्रभर परग्रहवासी शोधत बसायचे. ते कामवाटप मार्च २०२० मध्ये थांबलं, सवय मात्र उरली.

सोल्डरगन

@जुना_पेंटियम, तोच निबंध आणखी थोडा वाचा. दोन वर्षांपर्यंतच्या डिस्कमध्ये असा संबंध दिसला नाही, आणि जुन्यांबद्दल लेखकांनीच शंका घेतलीय की कारण उलटं असावं: ज्या मशीनला आधीच काहीतरी झालंय तेच दुरुस्तीसाठी पुन्हा पुन्हा बंद-चालू होतं. तापाची तऱ्हा तीच. ताप आलेला माणूस दहादा डॉक्टरकडे जातो, डॉक्टरकडे गेल्याने ताप येत नाही.

हेड चिकटण्याचं दुखणं आता उरलेलं नाही. आजच्या डिस्कमध्ये थांबण्याआधी हेड तबकडीवरून उचलून कडेच्या उतरंडीवर ठेवलं जातं. असं ठेवणं-काढणं डेस्कटॉप डिस्क साधारण ३ ते ६ लाख वेळा सहन करील अशी बनवलेली असते. मोटर थांबून पुन्हा सुरू होणं ५०,००० वेळा. रोज दहादा बंद-चालू केलं तरी वर्षाला ३,६५०, म्हणजे तेरा वर्षांहून जास्त. तुम्ही तीनदाच करणार. उलट कित्येक डेस्कटॉप डिस्कच्या कागदावर वर्षाला २,४०० तास चालवण्याचं गृहीत असतं, चोवीस तासांचे ८,७६० नव्हे. ते तास एनएएससाठीच्या (नेटवर्कवर सतत चालू असणाऱ्या साठवणीच्या) डिस्कना.

तुमच्या डिस्कचं काय झालंय ते क्रिस्टल-डिस्क-इन्फो या फुकट प्रोग्रामात बघा. ०५ नंबरची ओळ (बदललेले सेक्टर) आणि सी-फाइव्ह (अडकलेले सेक्टर) शून्यावर असतील तर डिस्क ठीक. ०९ म्हणजे चाललेले तास, ०-सी म्हणजे किती वेळा वीज मिळाली. चालू ठेवूनही ०-सी फुगलेलं असेल तर ते लाइट जाण्याचे धक्के आहेत, आणि डिस्कला तुम्ही नीट बंद करण्यापेक्षा तेच वाईट. लाइट अचानक गेली की हेडला उरलेल्या फिरकीच्या जोरावर घाईने मागे यावं लागतं.

आता चालू ठेवण्याने काय झिजतं ते. पंखे आणि कपॅसिटर (वीज थोडा वेळ साठवणारे भाग). साध्या बुशच्या पंख्याचं आयुष्य ३०,००० तासांच्या आसपास धरतात. चोवीस तास फिरवला तर साडेतीन वर्षांच्या आत, सहा तास फिरवला तर तेरा-चौदा वर्षं. एसएमपीएसमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर १०५ अंश, २,००० तास असं काहीतरी छापलेलं असतं. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. ६५ अंशांवर ते ३२,००० तास होतात. सलग चालवल्यास साडेतीन-पावणेचार वर्षं, रोज सहा तास चालवल्यास चौदा. त्यात पंखा धुळीने बरबटून आतलं तापमान दहा अंशांनी चढलं की हेच आकडे निम्मे. आणि चोवीस तास फिरणारा पंखा धूळही चौपट ओढतो.

सोल्डरच्या तड्याची गोष्ट खरी आहे, पण ती ९० अंशांपर्यंत तापून ३० वर येणाऱ्या मोठ्या ग्राफिक्स कार्डांना लागू. तुमच्या मशीनमध्ये तेवढी उडी नाही. आणि खेळ सुरू-बंद केला तरी तेच तापणं-निवणं होतं, त्यासाठी मशीन बंद करावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र पाळा: बंद केल्या केल्या लगेच बोर्डाचं बटण खटखट करू नका. एसएमपीएसच्या तोंडाशी एक थर्मिस्टर असतो. तो थंड असताना त्याचा रोध जास्त, त्यामुळे मोठा कपॅसिटर भरताना येणारा पहिला झटका तो अडवतो. गरम झाला की रोध जवळजवळ संपतो. गरम असतानाच पुन्हा वीज दिली तर झटका सरळ आत जातो आणि फ्यूज किंवा रेक्टिफायर उडू शकतो. मिनिट-दोन मिनिटं जाऊ द्या. लाइट आली-गेली-आली असं होतं तेव्हा नेमकं हेच घडतं.

पावसाळ्याचं. चिपळूणच्या जून-ऑगस्टमध्ये मशीन आठ-आठ दिवस थंड पडू देऊ नका. दोन-तीन दिवसांतून एकदा तासभर चालवा, आतला दमटपणा निघून जातो. रॅमच्या आणि कार्डच्या कडांवर दमटपणाने थर बसतो आणि मग मशीन नुसतं बीप-बीप करतं. तेव्हा बोर्डाचं बटण बंद, प्लग बाहेर, रॅम काढून सोनेरी कडा पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसायच्या, कपटे ब्रशने झटकायचे, परत बसवायची. कॅबिनेटमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकण्याचा काही उपयोग नाही. ते भोकांचं डबडं आहे, पुडी अख्ख्या खोलीची हवा किती सुकवणार?

आणि उबेला मुंग्या येतात. चालू किंवा नुसतं स्टँडबायवर असलेलं मशीन आजूबाजूपेक्षा कोमट असतं, पावसाळ्यात मुंग्या अंडी घेऊन तिथेच बिऱ्हाड करतात. पालही शिरते, आणि एसएमपीएसच्या पिनांवर आडवी झाली की दोघंही जातात. मागच्या बाजूला न वापरलेल्या कार्डांच्या पट्ट्या काढलेल्या असतील तर त्या बसवून घ्या. पालीची वाट बहुतेक वेळा तीच.

रीस्टार्ट_करून_बघा

स्लीपचा भाग माझ्याकडे. (कमांड देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.)

आधी तुमच्या मशीनला कोणती झोप येते ते बघा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि पॉवरसीएफजी, एक जागा, स्लॅश ए. "स्टँडबाय (एस-थ्री)" उपलब्ध दिसलं तर उत्तम. या झोपेत फक्त रॅमला वीज मिळत राहते, बाकी सगळं बंद. अडचण एकच: वीज गेली की रॅम पुसली, आणि सेव्ह न केलेलं सगळं गेलं. हायबरनेटमध्ये रॅममधलं एसएसडीवरच्या फाइलीत लिहून मशीन पूर्ण बंद होतं, मग लाइट गेली काय नि आली काय.

वरचेवर लाइट जाणाऱ्या गावात दोन्हींचा मेळ घाला, त्याला हायब्रिड स्लीप म्हणतात. झोपताना रॅम चालू ठेवतो आणि एक प्रत एसएसडीवरही लिहून ठेवतो. लाइट टिकली तर दोन सेकंदांत जाग, गेली तर एसएसडीवरून उचलतो. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, चेंज प्लॅन सेटिंग्ज, चेंज ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज, तिथे स्लीपखाली "अलाऊ हायब्रिड स्लीप" ऑन करा. ते दिसतच नसेल तर हायबरनेशन बंद असणार. पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑन केलं की येईल. फाइलीसाठी रॅमच्या ४० टक्के, म्हणजे तुमच्याकडे साडेसहा जीबीच्या आसपास जागा जाते.

"रोज लिहून एसएसडी झिजेल" हा पुढचा प्रश्न येतोच. तुम्ही रोज तीनदा झोपवलंत आणि दर वेळी ६ जीबी लिहिले तरी वर्षाला साडेसहा टीबी. ५०० जीबीच्या चांगल्या एसएसडीची हमी ३०० टीबी लिहिण्याच्या आसपास असते. तोवर हे मशीन भंगारात गेलेलं असेल.

रात्री जागं होण्याचं. सकाळी उठल्यावर मशीन जागं सापडलं की काही करण्याआधी पॉवरसीएफजी स्लॅश लास्टवेक चालवा. कोणी उठवलं ते तिथे येतं. नेटवर्क कार्डाचं नाव आलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर जा आणि "अलाऊ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर"वरची खूण काढा. दुसरीकडून नेटवर्कवरून उठवायचं असेल तर खूण ठेवा, पण त्याखालची "ओन्ली अलाऊ अ मॅजिक पॅकेट" (म्हणजे मुद्दाम पाठवलेल्या उठवण्याच्या संदेशानेच उठ) हीसुद्धा करा, नाहीतर राउटरची कुठलीही खुडबुड त्याला उठवते. टायमर आला तर त्याच ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये स्लीपखाली "अलाऊ वेक टायमर्स" डिसेबल. माउस आला तर माउसच्या प्रॉपर्टीजमधली तशीच खूण काढा. टेबलाला धक्का लागून, किंवा ऑप्टिकल माउसखालचा चकचकीत सनमायका नीट न वाचता येऊनही ते उठतं. उलट मशीन झोपतच नसेल तर पॉवरसीएफजी स्लॅश रिक्वेस्ट्स. बहुतेक वेळा ब्राउझरमध्ये उघडा राहिलेला व्हिडिओ असतो.

आता विंडोजची एक लबाडी. "शट डाउन" दाबल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण आतला गाभा आणि ड्रायव्हर हायबरनेट होऊन पडतात. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, सीपीयू, तिथे "अप टाइम" बघा: रोज बंद करूनही अकरा दिवस दाखवेल. त्यामुळे "रोज बंद करतो तरी प्रिंटर ऐकत नाही" अशा तक्रारी येतात. खरं ताजंतवानं व्हायला "रीस्टार्ट"च लागतं, किंवा शिफ्ट दाबून धरून शट डाउन. तुमच्याकडे एसएसडी आहे, फास्ट स्टार्टअपने चार-पाच सेकंदच वाचतात. पॉवर ऑप्शन्समध्ये "चूझ व्हॉट द पॉवर बटन्स डू" इथे जाऊन त्याची खूण काढा आणि तिथेच हायबरनेटची खूण करा, म्हणजे तो मेन्यूत दिसेल. सोबत लिनक्स असणाऱ्यांनी तर काढाच, नाहीतर विंडोजचं पार्टिशन तिकडून नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही.

तुमच्या तुकड्या-तुकड्यांच्या वापराला मी असं लावीन: वीस मिनिटं हात लागला नाही की स्लीप, रात्री शेवटचा माणूस उठला की शट डाउन. अपडेटसाठी रात्रभर जागं ठेवायची गरज नाही. आठवड्यातून एकदा, जेवायला बसताना "अपडेट अँड शट डाउन" दाबा.

ओहम_शांती

वरच्यात एक जोड. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) "रिस्टोअर एसी पॉवर लॉस" किंवा त्यासारखं काहीतरी असतं, ते "पॉवर ऑफ"वर ठेवा. "पॉवर ऑन"वर असेल तर लाइट आली की मशीन स्वतःहून सुरू होतं, आणि आपल्याकडे आलेली लाइट पहिल्या पाच मिनिटांत हमखास दोनदा जाते. अर्धवट बूटमध्ये वीज तुटणं हे एसएसडीला सगळ्यात नकोसं. घरगुती एसएसडीत अशा वेळी तग धरायला लागणारे जादा कपॅसिटर नसतात.

विजांचं. वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात बोर्डाचं बटण बंद करणं पुरेसं नाही. त्या बटणाने फक्त फेज तुटते, न्यूट्रल जोडलेलीच राहते, आणि वीज तारांवर उतरली की न्यूट्रलमधूनही येते. प्लगच बाहेर काढा. राउटरचा ॲडॉप्टर आणि लॅनची वायरसुद्धा. फायबर काचेचा असल्याने त्यातून झटका येत नाही, पण राउटरच्या ॲडॉप्टरमधून राउटरमध्ये, तिथून तांब्याच्या लॅन वायरीने मदरबोर्डात येतो. नुसता लॅन पोर्ट मेलेली मशीनं अशीच मरतात. हे सगळं गडगडाट लांब असतानाच करायचं, डोक्यावर आल्यावर प्लगला हात लावायला जायचं नाही.

स्पाइक गार्डवर फार भिस्त नको. त्यातली झटका झेलणारी चकती दर झटक्याला थोडी थोडी मरते आणि बाहेरून गार्ड तसाच दिसतो. शिवाय अर्थिंग नसेल तर ती झटका ढकलणार कुठे? मल्टिमीटरने सॉकेटमध्ये बघा, किंवा वायरमनला बघायला सांगा: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळजवळ सारखे, न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समजा. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध पत्र्याला जोडलेले असतात, अर्थ नसला की पत्रा निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५च्या आसपास तरंगतो. करंट अगदी थोडा असतो, पण तो जमिनीत जाण्याऐवजी तुमच्यातून जातोय.

जुना_पेंटियम

प्लग विजांच्या दिवसांत काढावा, सहमत. पण रोज रात्री बोर्ड बंद करायच्या मी विरोधात. बोर्ड चालू असेल तर घड्याळाला स्टँडबायची वीज मिळते, बंद केला की मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल वापरला जातो. मग तारीख मागे जाते, तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक साइटला "सुरक्षित नाही" म्हणतो.

सोल्डरगन

सेल पन्नास रुपयांच्या आत-बाहेर मिळतो. बोर्ड बंद ठेवला तरी काही वर्षं जातो, घड्याळ मायक्रोअँपिअरमध्ये पितं. मोजून २.७ व्होल्टच्या खाली आला की बदलायचा, अधिक बाजू वर. याउलट बोर्ड चालू ठेवला की एसएमपीएसमधलं ५ व्होल्ट स्टँडबायचं छोटं सर्किट वर्षाचे ८,७६० तास राबतं. "सकाळी चालू होत नाही, चार-पाचदा बटण दाबलं की होतं" हे दुखणं बहुतेक वेळा तिथल्याच एका फुगलेल्या कपॅसिटरचं. सेल बदलता येतो घरी, तो कपॅसिटर नाही. मी रात्री बोर्ड बंद करण्याच्या बाजूने.

जुना_पेंटियम

मी नाही. पण तेवढ्यावरून भांडायचं नाही.

अवांतर: झोपलेल्या मशीनवर धूळ नको म्हणून प्लॅस्टिकचं कव्हर घालतात, ते घालू नका. रात्री उठलं तर आतल्या आत शिजतं. कव्हर फक्त प्लग काढल्यावर.

दोन_टॅब_उघडे

लॅपटॉपला हेच सगळं लागू का? माझा बॅगेत गरम सापडतो.

रीस्टार्ट_करून_बघा

@दोन_टॅब_उघडे, तुमच्यात एस-थ्री नसणार. नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा "मॉडर्न स्टँडबाय" असतं, म्हणजे मोबाइलसारखं अर्धवट जागेपण. बॅगेत वाय-फाय सापडलं की काम काढून बसतं. झाकण लावल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट होईल असं लावा. कायम टेबलावर चार्जरला असेल तर कंपनीच्या प्रोग्राममध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर अडवा. लिथियम बॅटरीला शंभर टक्के आणि ऊब एकत्र सोसत नाहीत.

आगोटी

सगळ्यांचे आभार. मोजमापं घेतली.

मीटर ३२००चा आहे. रिकामं मशीन, मॉनिटर झोपलेला: २२ सेकंदाला एक लुकलुक, म्हणजे ५१ वॉट. हायब्रिड स्लीपमध्ये सेकंद मोजून कंटाळा आला, एकेका लुकलुकीला शंभरच्या वर. म्हणून मशीन पूर्ण बंद करून नुसता यूपीएस चालू ठेवला: १४० सेकंद. म्हणजे यूपीएसच ८ वॉट खातोय!

लास्टवेकमध्ये नेटवर्क कार्डच निघालं, खूण काढली, दोन रात्री शांत. डिस्कचं ०५ आणि सी-फाइव्ह शून्य. न्यूट्रल-अर्थ १.४ व्होल्ट.

राहिला यूपीएस. ८ वॉट चोवीस तास म्हणजे महिन्याला पावणेसहा युनिट. रात्री तोही बंद करावा का? बॅटरी चार्ज कशी राहणार? आणि स्लीपच्या वेळी लाइट गेली तर यूपीएस रात्रभर तग धरेल का?

ओहम_शांती

शेवटच्याचं आधी. नाही धरणार. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर ८४ वॉट-तास, हातात पन्नास धरा. झोपलेलं मशीन ३ वॉट घेतं, पण बॅटरीवर असताना यूपीएस स्वतःलाच दहा-पंधरा वॉट लागतात, म्हणजे तीन-चार तास, तेही कुईं-कुईं करत. कित्येक स्वस्त यूपीएस तर एवढा कमी लोड बघून "कोणी नाही" असं समजून पाच मिनिटांत स्वतःच बंद होतात. म्हणून तर हायब्रिड स्लीप. यूपीएसचं काम लाइट गेल्यावर तुम्हाला सेव्ह करायला दहा मिनिटं देणं, एवढंच.

चार्जिंगचं मॉडेलवर आहे. काही यूपीएस समोरचं बटण बंद असूनही बोर्ड चालू असेल तर बॅटरी चार्ज करतात, काही करत नाहीत. उकलायला तुमच्या हातात मीटर आहेच. लाइट असताना यूपीएसचा प्लग काढून मशीन पाच मिनिटं बॅटरीवर चालवा, मग नीट बंद करा. यूपीएसचं समोरचं बटण बंद, प्लग परत लावा, बोर्ड चालू. आता लुकलुक मोजा. ५५-७५ सेकंदांवर आली, म्हणजे १५-२० वॉट जात असतील, तर बटण बंद असतानाही चार्ज होतोय. बॅटरी भरली की तो आकडा उतरेल. मग रात्री बटण बंद, बोर्ड चालू. दिवा लुकलुकलाच नाही, तर तुमचा दुसऱ्या जातीचा. तो वापराच्या सहा तासांत भरून निघतो, रात्री बोर्डासकट बंद करा. पण पंधरा दिवस गावाला जाताना भरलेल्या अवस्थेत बंद करा. रिकाम्या शिसं-आम्ल बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट बसतं आणि ते परत सुटत नाही.

सोल्डरगन

एवढंच की चार्ज होतोय का ते बघायला झाकण उघडून बॅटरीवर मल्टिमीटर लावू नका, प्लग लावलेला असताना तर मुळीच नाही. आत २३० व्होल्ट उघडे असतात, आणि प्लग काढल्यावरही बॅटरी जोडलेली असेल तर इन्व्हर्टर चालू होऊ शकतो. मीटरवरची लुकलुक मोजायला वेळ लागेल, लागू दे.